विलायतेची रेकॉर्ड आणि चाचांची सळई

जुलै सरत आला आणि होड्या परत खाडीत उतरल्या की आधी काय करतात, असं रेवदंड्याच्या बंदरावर कुणालाही विचारा. पूजा, असं कुणी सांगितलं तर तो माणूस बाहेरचा समजा. आधी खलीलचाचांना बोलावतात. पूजा त्यानंतर.

कोळ्यांच्या होडीला मुसलमानाचा कान कशाला, असं मला एकदा एका टीव्हीवाल्या पोरीनं विचारलं होतं. मी म्हटलं, बाई, इंजिनाला जात नसते, आणि तुला दुसरं काम नसेल तर या टोपलीला हात लाव. ती हसली आणि निघून गेली. टोपली मीच उचलली. माझं असंच असतं, बोलायचं तोंड माझं आणि उचलायचं डोकंही माझंच.

मी नीरा. आमचे नाखवा, म्हणजे माझे यजमान, गेले तेव्हा माझा सुजित शाळेत होता. दीर म्हणाले होडी विक, भाऊ म्हणाला होडी विक, शेजारीण म्हणाली बाईमाणसाला कुठं होडी झेपते. चाचा मात्र एकटे होडीत उतरले, इंजिनाला सळई लावून बसले, वर आले आणि म्हणाले, "इंजिन अजून जवान हाय. पोरगा पण होईल. ठेव." मी ठेवली. आज सुजित ती होडी चालवतो. तेव्हा चाचांविषयी बोलताना मी तराजू सरळ धरीनच असं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

चाचांचं वय आता सत्तरीच्या पुढं. मिसरूड फुटलं तेव्हा घरातून निघाले ते गोऱ्यांच्या मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत तेलवाला म्हणून लागले. तेलवाला म्हणजे जहाजाच्या पोटात, जिथं ऊन कळत नाही की पाऊस कळत नाही, तिथं इंजिनाभोवती फिरत राहणारा माणूस. कुठं तापलंय ते हात लावून बघायचं, तेल द्यायचं आणि ऐकायचं. ऐकायला त्यांच्याकडं एक पोलादी सळई. हातभर लांब, एका टोकाला लाकडाची मूठ. टोक इंजिनावर टेकायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसंच. पुढं गोऱ्यांची जहाजं बंद झाली, मग अरबांची धरली, पण सळई तीच. म्हातारपणी घरी आले तेव्हा लोकांनी सोनं आणलं, टीव्ही आणला, चाचांनी ती सळई आणली आणि दाराशेजारच्या खिळ्याला टांगली.

मग बंदरावरची रीत पडली. हंगामाआधी चाचा होडीत येतात. सगळ्यांनी गप्प बसायचं, मोबाइल बंद. ते इंजिनाजवळ उकिडवे बसतात, सळई इथं लावतात, तिथं लावतात, डोळे मिटतात. मग फळीवर सळईनं ठोकतात आणि म्हणतात, "चल." तेवढं म्हटल्यावर नारळ फुटतो. घेतात काय, तर कोरा चहा आणि पहिल्या खेपेचे बोंबील. त्यांनी "चल" म्हटलेली होडी इंजिनासाठी कधी अडकली, असं मी तरी ऐकलं नव्हतं. मेकॅनिक अलिबागहून येतो, खोलतो, जोडतो, बिल देतो. पण "चल" चाचांचं.

या माणसाला बिडी नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. खूळ एकच, ते रेकॉर्डचं. तीसुद्धा एकच रेकॉर्ड. विलायतेत हल म्हणून बंदर आहे, मासळीचंच, आपल्यासारखं, पण थंड. तिथं यांचं जहाज दुरुस्तीला अडकून पडलं होतं आणि खलाशांच्या वसतिगृहात कुणीतरी ही रेकॉर्ड सारखी लावायचा. निघताना चाचांनी तीच विकत घेतली. ती वाजवायची पेटी, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, नंतर घेतली, दुसऱ्या कुठल्या बंदरात. रेकॉर्डच्या पाकिटावर चार गोरी पोरं, ओले कोट घालून कोळशाच्या ढिगाजवळ उभी. चेहरे असे की चौघांच्याही घरची चूल विझलीय. चाचांची नात लाइबा सांगते, याला ब्लूज म्हणतात, ही दुःखाची गाणी, मूळची अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची, ती मग या इंग्रज पोरांनी उचलली. असेल बाई. गाणारा दाढ ठणकत असल्यासारखा गातो एवढं मला माहीत. त्याच्या मागं धड धड धड एक ठेका, आणि मधूनच तोंडानं वाजवायचा बाजा, माउथ ऑर्गन, जोरात कळवळतो.

मी एकदा विचारलं होतं, चाचा, शब्द तरी कळतात का यातले? ते म्हणाले, शब्दांना काय करायचंय.

"खाली इंजिन चाललंय बघ. आणि वर तो बाजा. सगळे झोपलेत, तो एकटा जागा हाय."

जहुराचाची होती तोवर रोज संध्याकाळी एक बाजू वाजायची. अजान झाली की चाची स्वतः येऊन सुई उचलायची, नमाज झाली की स्वतःच परत ठेवायची. "तुमचा तो रडका" म्हणायची, पण चपात्या लाटताना लाटणं त्याच ठेक्यावर चालायचं, मी पाहिलंय. चाची गेली आणि चाचांनी पेटीवर चादर टाकली. काही वर्षं ती तशीच. आपल्याकडची दमट हवा, चादर काढली तर रेकॉर्डवर बुरशी आणि कड वाकडी झालेली. त्या आठवड्यात चाचा बंदरावर आले नाहीत.

त्यांचा मुलगा तबरेज मस्कतला असतो. पोरगा वाईट नाही, पण त्याचं सगळं प्रेम पार्सलनं येतं. त्यानं कुठून तरी शोधून काढलं की ती जुनी रेकॉर्ड विलायतेत पुन्हा नव्यानं काढलीय. मागवली, नवी सुई मागवली, गावच्या एका माणसाबरोबर पाठवून दिली. मे महिन्यात. मी तेव्हा तिथंच होते, सुकट द्यायला गेले होते. चाचांनी हात धुतले, रेकॉर्ड कडेनं धरली, नव्या नवरीचा पदर धरावा तशी, आणि लावली. पूर्ण एक बाजू ऐकली. मला घाई होती, मी निम्म्यातच निघाले. मागून कळलं, बाजू संपल्यावर ते म्हणाले, "बाजा काढून टाकलाय."

झालं. तिथून चाचांना नवा उद्योग लागला. लाइबा अलिबागला कॉलेजात शिकते, तिनं मोबाइलवर शोधलं तर त्या रेकॉर्डविषयी लोकांनी मतं लिहून ठेवलेली. एकदोन नाही, पानंच्या पानं. जगात लोकांना किती वेळ आहे हो. एक म्हणतो, नवी रेकॉर्ड जाडजूड आहे पण आवाज उशीखाली रेडिओ ठेवल्यासारखा. दुसरा म्हणतो, हेच गाणं ऐकत बापाला पुरलं, आता परत ऐकलं तर गाडी रस्त्याकडेला घ्यावी लागली. तिसरा पाकिटावरच्या कोळशाचा रंग बदलला म्हणून भांडतोय. कोळशाचा रंग! एक बाई म्हणते, सफाई करता करता या लोकांनी गाण्याचा जीवच पुसून काढला. ती बाई चाचांना फार आवडली.

लाइबा रोज संध्याकाळी मतं वाचून दाखवायची, मराठीत करून. चाचा आरामखुर्चीत, मान हलवत. "बरोबर बोलला. वरचं सगळं कापलंय त्यांनी." मग स्वतःचं मत सांगायचे आणि लाइबा इंग्रजीत लिहायची. खाली नाव, खलील, रेवदंडा, इंडिया. लिहिलं काय, तर मी ही रेकॉर्ड तुमच्यातल्या कित्येकांच्या जन्माआधीपासून ऐकतोय, हिच्यातला बाजा चोरीला गेलाय, कंपनीनं जाब द्यावा. बंदरावरही तेच. होडीवाले जाळ्याच्या गाठी मारतायत आणि चाचा त्यांना सांगतायत की विलायतेत आजकाल कामच कसं नीट करत नाहीत. पोरं हो हो म्हणायची. म्हाताऱ्याला चाची गेल्यानंतर पहिल्यांदा कशात तरी जीव आला होता, मग कोण कशाला मोडता घालणार.

जुलै संपत आला. पंधरा दिवसांत सगळ्या होड्यांतून चाचांची फेरी झाली. आमच्या होडीत आले तेव्हा मी धक्क्यावर उभी होते. सळई लावली, डोळे मिटले, सगळं नेहमीसारखं. सुजितनं मध्येच विचारलं, चाचा, पाण्याच्या पंपाकडून बारीक शीळ येतेय का? चाचांनी पंपावर परत सळई टेकली, वेळ घेऊन ऐकलं आणि म्हणाले, "न्हाय. तुझ्या कानात मोबाइलचं गाणं उरलंय." सगळे हसले. सुजितही हसला. फळीवर ठोकलं, चल म्हटलं, नारळ फुटला. तो पंप समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवतो. तो बसला की इंजिन तापतं, इंजिन तापलं की बंद. आणि ऑगस्टच्या उसळत्या समुद्रात, कोर्लईच्या खडकांसमोर इंजिन बंद पडणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावायला नको. आमच्या नाखवांना त्याच पाण्यानं नेलं.

त्यानंतर एक दिवस सोडून मी चाचांकडं गेले, भाकरी करावी म्हणून त्यांच्या घरचं तांदळाचं पीठ मागायला. चाचा खुर्चीत, रेकॉर्ड चालू. मी ओट्यावर टेकले. गुडघे दुखत होते, म्हणून जरा जास्तच वेळ टेकले. आणि आतून तो बाजा आला. कसला चोरीला गेलाय! असा तीक्ष्ण की माझ्या दाढेत गेला. सुया टोचाव्या तसा, लांबच लांब. मी तिथूनच ओरडले, चाचा, कान किटले हो त्या बाज्यानं, जरा बारीक करा.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "कुठला बाजा?" म्हणाले. तेव्हासुद्धा तो वाजत होता.

लाइबा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मान हलवली, नको म्हणून. माझ्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला, आणि माझ्या बाबतीत असं फार होत नाही.

ती पिठाचा डबा घेऊन माझ्याबरोबर मागच्या दारी आली आणि पायरीवर बसून रडायला लागली. म्हणाली, मावशी, पहिल्या दिवसापासून बाजा आहे. मतं लिहिणारे अर्धे लोक तर म्हणतायत की बाजा जरा जास्तच वर काढलाय, टोचतो. एकानं लिहिलंय, बाजा सुरू झाला की त्याचा कुत्रा उठून बाहेर जातो. पण ती मतं ती आजोबांना वाचूनच दाखवत नव्हती. निवडून निवडून फक्त कुरकुर करणारी वाचायची. कुकरच्या शिट्ट्या आजोबांना ऐकू येत नाहीत, म्हणाली, दोनदा डाळ जळली. मोबाइल वाजलेला कळत नाही. पुरुषमाणूस बोलला तर कळतं, मी बोलले तर दोनदा विचारतात.

मला आधी तिचा राग आला, मग तबरेजचा, मग माझा. इतक्या वर्षांत मला कसं कळलं नाही? तर माझा आवाज बाजारातला. मेलेला पापलेट उठून बसेल असा. मला त्यांनी कधी "काय" म्हणून विचारलंच नाही.

आणि मग ती शीळ आठवली. बाजा ऐकू येत नाही त्या माणसाला पंपाची शीळ कुठून ऐकू येणार? मी लाइबाला म्हटलं, पोरी, तुला कळतंय का, यंदा बंदरावरच्या होड्या कुणाच्या कानावर चालल्यात? तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं तेवढा विचार केलेला नव्हता. ती घरातली दोन माणसं आणि एक रेकॉर्ड, एवढ्यातच अडकली होती बिचारी.

घरी येऊन सुजितला सांगितलं. तो म्हणाला, मला वाटलंच होतं, पण चाचा नाही म्हणाले म्हणून मी माझाच कान खोटा मानला. मग म्हणाला, आई, पंप मी गुपचूप बदलतो. कुणाला कळायचं नाही, चाचांनाही नाही.

"आणि बाकीच्यांच्या होड्या?" मी म्हटलं.

बाकीच्या होड्यांवरही कुणाकुणाचे सुजित आहेतच. मी बंदरावर उभी राहून ओरडले असते तर काम झालं असतं. पण ज्या माणसाच्या एका शब्दावर मी सगळ्या नातेवाइकांच्या विरोधात होडी ठेवली, त्याचा कान गेला म्हणून मी चव्हाट्यावर दवंडी पिटायची? माझं मन होईना. नको झालं होतं मला सगळं. बर्फवाला, डिझेलवाला, गुडघे, आणि आता हे. वाटलं, दुसरं कुणीतरी करा रे. पण दुसरं कुणी कुठं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. चाचा लाइबाला नवं मत सांगत होते, कंपनीला आणखी एक शिवी घालायची होती. मी चप्पल काढली, आत जाऊन जमिनीवर बसले आणि म्हटलं, लाइबा, आज सगळी मतं वाच. निवडायची नाहीत.

ती म्हणाली, सगळीच वाचते मावशी. मी म्हटलं, खोटं बोलू नको. चाचा एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागले. लाइबा वाचायला लागली. बाजा टोचतो म्हणणारा वाचला. कुत्रा बाहेर जातो तो वाचला. चाचा म्हणाले, वेडे हायत. मग ती थांबली. मी म्हटलं, पुढं.

पुढचं मत चाचांच्याच मताखाली होतं. नाव घेऊन लिहिलेलं. लाइबानं ते सावकाश, मोठ्यानं वाचलं.

"भाऊ खलील, मी जन्मभर जहाजं बांधण्याच्या कारखान्यात रिबिटं ठोकली. गेल्या वर्षी मी पण इथं असंच रागानं लिहिलं होतं, की बाजा काढून टाकलाय. मग मुलगी मला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. बाजा आहे, भाऊ. आपण नाही."

चाचांनी तिला परत वाचायला लावलं. मग विचारलं, हे कधी आलं? ती म्हणाली, जूनमध्ये. त्यांनी मान डोलावली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला सोपं गेलं असतं.

ते उठले. खिळ्यावरची सळई काढली. लाइबाला म्हणाले, लाव. ती रेकॉर्ड लावून बाजूला झाली. चाचा पेटीच्या स्पीकरशेजारी उकिडवे बसले, होडीत बसतात तसेच. सळईचं टोक स्पीकरच्या लाकडाला, मूठ कानामागं. डोळे मिटले. ठेका सुरू झाला, गाणारा सुरू झाला, मग बाजा आला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. चेहरा हलला नाही. त्यांनी सळई थोडी वर सरकवली. मग खाली. मग दुसऱ्या कानाला लावली. बाजा आपला वाजतोच आहे, सगळ्या घरभर, आणि हा माणूस लाकडावर जागा शोधतोय. मला बघवेना. मी पदर तोंडाला लावला.

बाजू संपली. त्यांनी सळई मांडीवर आडवी ठेवली.

"ही कधी खोटं बोलली न्हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं मान वर करून मला विचारलं, "नीरा, तुझ्या पंपात शीळ हाय?"

"हाय, चाचा."

"तू ऐकलीस?"

"सुजितनं ऐकली."

ते उठले. टोपी घातली, चपला घातल्या आणि चालायला लागले. मी मागून, लाइबा माझ्या मागून. भर दुपार, पण मासेमारीची पावसाळी बंदी उठायला थोडेच दिवस राहिलेले, धक्क्यावर सगळे होते. चाचा होडीहोडीपाशी थांबले. प्रत्येक नाखवाला तेच सांगितलं, मी यंदा चल म्हटलं ते धरू नको, माझा कान गेलाय, अलिबागचा मेकॅनिक बोलाव. कुणी म्हणालं, असं काय बोलता चाचा. कुणी खाली बघितलं. एकानं, हलकटानं, हसून घेतलं, त्याचं मी नंतर बघितलं. चाचा कुणाशीही जास्त बोलले नाहीत. शेवटच्या होडीशी पोचेस्तोवर त्यांचा आवाज बसला होता, तरी तिथंही तेवढंच नीट सांगितलं. मी खूप माणसं बघितली आहेत. स्वतःची अब्रू अशी स्वतःच्या हातानं दारोदार नेऊन ठेवणारा दुसरा नाही बघितला.

सुजितनं आमचा पंप खोलला. आतल्या बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडलेले. मेकॅनिक म्हणाला, पहिल्या नाहीतर दुसऱ्या खेपेला बसला असता. मी ते बेअरिंग हातात घेतलं आणि खाडीत फेकून दिलं. सुजित म्हणाला, आई, चाचांना दाखवायला ठेवायचं होतं. मी म्हटलं, त्यांना काय दाखवतोस, त्यांनीच दाखवलंय.

त्या संध्याकाळी चाचांनी लाइबाकडून शेवटचं मत लिहून घेतलं. तिनं मला वाचून दाखवलं. रेकॉर्ड चांगली आहे. बाजा तिच्यात आहे. मी कंपनीला चोर म्हणालो ते मागं घेतो. खाली नाव, गाव. त्या रिबिटवाल्यानं त्याखाली काहीतरी लिहिलं म्हणे, पण ते चाचांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

लाइबानं त्यांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं. मशीन मिळालं. त्यातून माणसं ऐकू येतात, भांडी तर नको इतकी ऐकू येतात, पण बाज्याच्या जागी नुसती खरखर. ते मशीन नमाजेला आणि तबरेजच्या फोनला लावतात, एरवी डबीत. हंगाम सुरू झाला. होड्या गेल्या, आल्या. यंदा मासळी काही धड नाही, पण सगळ्या होड्या परत आल्या. पहिल्या खेपेचे बोंबील मी स्वतः नेऊन दिले. घेईनात. म्हणाले, आता कशाचे? मी म्हटलं, खायचे. तेव्हा घेतले.

आता मी आठवड्यातून एकदोनदा जाते. बाजार आटपला की पाय सुजलेले असतात, अंगाला मासळीचा वास, घरी जाऊन पडावं असं वाटतं. पण जाते. लाइबा कॉलेजात असते, मग रेकॉर्ड मीच लावते, शिकलेय आता. चाचा समोर बसतात. मला ते गाणं अजूनही आवडत नाही. माझं काम एवढंच, बाजा सुरू झाला की एक बोट वर करायचं, थांबला की खाली. चाचा माझ्या बोटाकडं बघत राहतात. बोट वर असलं की त्यांची मान हलते.

परवा मी फार दमले होते. पहाटेपासून उभी होते, डोळे मिटत होते. बाजा वाजत होता तो बारीक झाला, मला वाटलं संपला, हातही दुखत होता. मी बोट खाली केलं.

"अजून संपलं न्हाय, नीरा," चाचा म्हणाले.

मी कान देऊन ऐकलं. खरंच, आत कुठं तरी, अगदी बारीक, तो अजून वाजत होता. मी बोट परत वर केलं.